पोह्यांची गोष्ट: ऑटिस्टिक मुलाला शब्द हातात कसा द्यावा

पहिल्या पेटीत, म्हणजे गोष्टीतल्या वस्तू ठेवायच्या डब्यात, मी एक घोळ घातला, तो आधी सांगते. पोह्यांची गोष्ट करायची होती. फोडणीचा आवाज कुठून आणणार, म्हणून औषधाच्या रिकाम्या डबीत मूठभर मोहरी भरली, माझ्या ऑटिस्टिक (स्वमग्न) लेकासमोर हलवली आणि दरवेळी म्हटलं, "मोहरी तडतडली!" पंधरा दिवसांत शब्द आला. घरात पेढे वाटायचेच बाकी होते. मग लक्षात आलं, शेजारच्या बाळाचा खुळखुळा वाजला की हा म्हणतो "तडतडली". आजीने खोकल्याच्या गोळ्यांची बाटली हलवली की "तडतडली". आणि ओट्यावर खरी फोडणी बसली की कानांवर हात ठेवून गप्प. त्याचं काहीच चुकलं नव्हतं. डबी खुळखुळली होती, तडतडलं काहीच नव्हतं. मी जे पुढ्यात ठेवलं, तेच तो शिकला.

गोष्ट सांगायची, पण कानाला एकट्याला नाही, तर हाताला, नाकाला, गालाला, जिभेलाही, हे बहुसंवेदी गोष्टींचं तंत्र १९९०च्या दशकात ब्रिटनमध्ये रुजलं. तिथे ते मुख्यतः तीव्र आणि बहुविध अपंगत्व असलेल्या मुलांसाठी आणि मोठ्या माणसांसाठी होतं. नियम साधा आहे: एक छोटी ओळ, त्या ओळीसोबत एकच वस्तू, आणि दरवेळी तेच शब्द त्याच क्रमाने. ऑटिस्टिक मुलांसाठी शब्द वाढवताना हा नियम कसा वापरायचा आणि मराठी घरात तो कुठे वेगळा वळतो, ते आम्ही इंदूरला रामबागेतल्या घरात जसं शिकलो तसं लिहिते. मी स्पीच थेरपिस्ट नाही. थेरपी सुरू असेल तर ती सुरूच ठेवायची, ही त्याच्या जोडीने घरी करायची गोष्ट आहे. आणि कानांची तपासणी झाली नसेल, तर बाकी सगळ्याच्या आधी ती.

वस्तू हातातच का

बहुतेक मुलं नवा शब्द ऐकला की बोलणाऱ्याचे डोळे कुठे आहेत ते बघतात आणि शब्द तिथे चिकटवतात. ऑटिस्टिक मुलांच्या बाबतीत हा दुवा अनेकदा निसटतो. १९९७ साली मानसशास्त्रज्ञ सायमन बॅरन-कोहेन आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. मूल एका खेळण्याकडे बघत असताना मोठ्या माणसाने दुसऱ्याच खेळण्याकडे बघून नवा शब्द उच्चारला. ऑटिस्टिक मुलांपैकी बहुतेकांनी तो शब्द स्वतःच्या पुढ्यातल्या खेळण्याला लावला.

आता आपलं घर आठवून बघा. आपण खिडकीतून बोट दाखवून "बघ, बघ, चिमणी!" म्हणतो, आणि त्या क्षणी तो पंख्याकडे बघत असतो. मग पंखा चिमणी होतो. पेटीतली वस्तू हातात असते, तेव्हा नजर आणि शब्द यांच्यात अंतरच उरत नाही. म्हणून या पद्धतीत "इकडे बघ" हे वाक्य नसतं. तो जिथे आहे, तिथे आपण शब्द घेऊन जातो.

मराठीची एक मेहेरबानी

थेरपीत एक नेहमीची युक्ती असते: ओळ म्हणायची आणि शेवटच्या शब्दाआधी थांबायचं, म्हणजे तो शब्द मुलाने भरावा. इंग्रजीत वाक्याच्या शेवटी बऱ्याचदा वस्तूचं नाव येतं. आपल्याकडे शेवटी क्रियापद येतं. "पोहे…" म्हणून थांबलं की रिकामी राहते ती जागा "भिजले"ची. ऑटिस्टिक मुलांच्या शब्दांच्या याद्या मी पाहिल्या आहेत, माझ्या लेकाचीही तशीच होती: गाय, कार, केळं, पंखा, ए, बी, सी. नावांचा नुसता ढीग, क्रिया औषधालाही नाही. नावांवर वाक्य उभं राहत नाही, क्रियापदावर राहतं. आणि मराठी ते आपणहून शेवटी, थांब्याच्या जागी आणून ठेवते.

शिवाय आपली क्रियापदं वाजतात. तडतडणं, खळखळणं, भुरभुरणं, चुरचुरणं. या शब्दांत आवाज किंवा स्पर्श आधीच भरलेला आहे. "फ्राय झालं"पेक्षा "तडतडली" जिभेला आणि कानाला कितीतरी जास्त देतं. घरात जपून ठेवावेत असे हे शब्द आहेत. इंदुरी मराठीत आपण हिंदीच्या धाटणीने "भिजून गेले", "पोहे बनून राहिलेत" असं सर्रास बोलतो. एरवी माझी तक्रार नाही, मीही तसंच बोलते, पण गोष्टीत एकच सुटं क्रियापद ठेवा. "भिजले." बस.

आधी आठवडाभर नुसतं बघा

अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या डीएसएम-५ या २०१३च्या पुस्तिकेत ऑटिझमच्या निकषांमध्ये संवेदनांचा वेगळेपणाही घातला गेला: आवाज, स्पर्श, वास, प्रकाश यांना जास्त किंवा फारच कमी प्रतिसाद. आयांना हे आधीपासून ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि लिहून ठेवणं वेगळं. वहीच्या पानावर मधोमध रेघ मारा. एका बाजूला तो कशाच्या मागे जातो: धान्याच्या डब्यात हात घालणं, गार फरशीवर गाल टेकणं, मसाल्यांचा वास घेणं. दुसऱ्या बाजूला कशापासून पळतो: मिक्सर, चिकट हात, कुकरची शिट्टी. सात दिवसांत पान भरतं.

पहिल्या गोष्टीतल्या दोन-तृतीयांश वस्तू आवडीच्या बाजूच्या असाव्यात. नावडतीतली एखादीच, तीही सौम्य करून आणि शेवटाकडे. माझ्या मोठ्या जावेने उत्साहाच्या भरात एकदा गोष्टीत दिव्यांची माळ, घंटी, अत्तर आणि बर्फ, सगळं एका दमात आणलं. लेक पलंगाखाली गेला तो जेवायलाच बाहेर आला. बहुसंवेदी म्हणजे सगळ्या संवेदना एकाच वेळी, असा अर्थ नाही. एका ओळीला एक.

गोष्ट लिहिणं

विषय कल्पनेतला नको, घरात रोज किंवा निदान आठवड्याला घडणारा हवा, म्हणजे पेटीतला शब्द पेटीबाहेरही भेटत राहतो. सिंह-उंदीर नंतर. आम्ही पोहे निवडले. इंदुरात दुसरं काय निवडणार! ही आमची गोष्ट, नऊ ओळींची (जीरावन म्हणजे पोह्यांवर भुरभुरायचा इंदुरी मसाला):

पोहे कोरडे.
पाणी ओतलं.
पोहे भिजले.
मोहरी तडतडली.
वाफ आली.
जीरावन भुरभुरलं.
लिंबू पिळलं.
पोहे खाल्ले.
संपले!

हे लिहायला आम्हाला चार दिवस लागले. पहिल्या खर्ड्यात "एके दिवशी सकाळी आईने छान छान पोहे करायला घेतले" असं होतं. ते सगळं कापलं. ओळ दोन शब्दांची, फार तर तीन. "छान", "मस्त" असे शब्द हातात धरता येत नाहीत, ते काढा. "कोरडे" आणि "भिजले" समोरासमोर ठेवा, कारण एकाचा स्पर्श दुसऱ्याशेजारी आल्यावरच अर्थ उघडतो. "संपले" मात्र हवंच. ज्या मुलाला "आता पुरे" सांगता येत नाही, ते मूल ताटली फेकून सांगतं. एक सांगता येणारा शेवट त्याच्या फार कामाचा.

एका वेळी सगळे शब्द नवे नकोत. आमच्या नऊ ओळींत पाणी, पोहे, लिंबू यांसारखे शब्द त्याला आधीच कळत होते. खरे नवे सहाच: कोरडे, भिजले, तडतडली, वाफ, भुरभुरलं, पिळलं.

पेटी भरताना

बाजारातला सेन्सरी किट लागत नाही. झाकणाचा एक डबा, आत वस्तू गोष्टीच्या क्रमाने. वस्तू खऱ्या. प्लॅस्टिकचं लिंबू पिळलं जात नाही, त्याला वास नाही, रस नाही. ते हातात देऊन "लिंबू" म्हणणं म्हणजे माझ्या मोहरीच्या डबीचीच पुढची आवृत्ती.

कोरड्या पोह्यांची वाटी पसरट हवी, सगळा पंजा आत गेला पाहिजे. पाण्यासाठी छोटा तांब्या, आणि तो त्यालाच ओतू द्या. ओतणारा हात त्याचा असला की "ओतलं" त्याचं होतं. वाफेसाठी गरम भांडं जवळ आणू नका. कोमट पाण्यात पिळलेला नॅपकिन गालाजवळ धरा, किंवा पोह्यांच्या भांड्याचं झाकण जरा निवल्यावर त्याचे थेंब बोटाला लावू द्या. जीरावनात तिखट असतं, म्हणून वासासाठी ते मलमलीच्या पोटलीत बांधून ठेवा. सुटं भुरभुरायचं ते आपण, वरून, थोडंसं. मुलाच्या हाताला लागलं तर डोळ्यांकडे जायच्या आत धुवा. हिंग मी मुद्दाम गाळला, त्याचा वास आमच्याकडे भांडणाचं कारण आहे. मोहरी आणि अख्खे शेंगदाणे लहान मुलांच्या हाती देऊ नका. नाकात, कानात किंवा घशात जायला एक क्षण पुरतो. शेंगदाण्याची किंवा कशाचीही ॲलर्जी आहे का, ते आधी बघा.

आणि तडतड? शेवटी आम्ही खऱ्या फोडणीचा आवाज मोबाइलवर टिपला, आपल्याच कढईतला, सुमारे सहा सेकंदांचा. सुरुवातीला अगदी हळू वाजवला. आवाज कमी-जास्त करायचं बटण त्याच्याच बोटाखाली दिलं. तीन आठवड्यांनी तो स्वयंपाकघराच्या दारात, ओट्यापासून लांब उभा राहून खरी फोडणी ऐकायला तयार झाला. खुळखुळ्याला चिकटलेली "तडतडली" सुटायला मात्र दोन महिने गेले.

सांगण्याची रीत

रोज तीच वेळ, तोच कोपरा, तीच चटई. पंखा सोडून बाकी आवाज बंद. आम्ही संध्याकाळची वेळ धरली, कारण सकाळी शाळेची घाई असते आणि घाईत आपण थांबत नाही. या पद्धतीत निम्मं काम थांबण्याचं आहे.

डबा समोर ठेवा. झाकण त्याला उघडू द्या. पहिली वस्तू बाहेर काढा, त्याच्या जवळ न्या आणि हात वस्तूला लागेपर्यंत काहीही बोलू नका. हात लागला की ओळ म्हणा, एकदाच, नेहमीच्याच चालीवर. मग मनात दहा आकडे मोजा. पहिल्यांदा मोजून बघा, दहा आकडे किती लांबतात ते. आपल्या घरात एवढी शांतता कुणाला सोसत नाही. आजी तिसऱ्या आकड्याला "बोल ना रे राजा" म्हणायची. तिला मी आकडे मोजायचं काम दिलं, बोटांवर, मुकाट्याने. तेव्हापासून तिचा थांबा माझ्यापेक्षा चांगला आहे.

हात पकडून वस्तूवर दाबू नका, कधीच. त्याला धीर होत नसेल तर आपला हात वस्तूवर ठेवा आणि त्याचा हात आपल्या हातावर येऊ द्या. खाली आपला, वर त्याचा. काढावासा वाटला तर तो काढू शकतो, हे त्याला कळलं पाहिजे. हातच लावायचा नसेल तर ओळ म्हणा आणि वस्तू बाजूला ठेवा. रुसवा नाही, आर्जव नाही.

आणि प्रश्न नाहीत. "हे काय आहे?", "कोणता रंग?", "सांग, काय भिजलं?" यातलं एकही नाही. पाहुणे आले की आपण मुलाची तोंडी परीक्षा घेतो, ती खोड इथे आणू नका. मला वाटतं, बरीच मुलं शब्द माहीत असूनही गप्प बसतात ती या प्रश्नांमुळेच. त्यांच्या लेखी बोलणं म्हणजे तपासणी.

पहिले आठ-दहा दिवस पूर्ण ओळी म्हणा. नंतर एकाच ओळीत, त्याच्या सर्वांत आवडत्या ओळीत, शेवटाआधी थांबायला लागा. "लिंबू…" आणि दहा आकडे. तो लिंबाकडे बघेल, मूठ आवळेल, "पि" म्हणेल, किंवा काहीच करणार नाही. कुठल्याही प्रतिसादाला उत्तर एकच: आनंदाने "पिळलं!" आणि लिंबू पिळायचं. काहीच न झालं तरी पिळायचंच. शब्द ही खंडणी नव्हे. "बोललास तर देईन" असं सुरू झालं की गोष्ट संपली आणि वसुली सुरू झाली.

मराठीत क्रियापदाचं शेपूट बदलतं: भिजले, तडतडली, पिळलं. तो "मोहरी तडतडले" म्हणेल. चूक दाखवू नका, "हो, मोहरी तडतडली" एवढंच म्हणा आणि पुढे चला.

बोलत नसलेल्या मुलालाही हीच गोष्ट चालते. प्रत्येक ओळीसाठी वस्तूचा मोबाइलवर काढलेला फोटो, पत्त्याएवढा छापून, मागे पुठ्ठा लावून. थांब्याच्या जागी त्याने फोटो दिला किंवा त्यावर बोट ठेवलं, तर तो शब्दच आहे. फोटो वापरल्याने बोलणं मागे पडतं ही भीती अनेक घरांत ऐकली, तिला संशोधनाचा आधार नाही.

इकोलेलियाबद्दल दोन शब्द

ऐकलेलं जसंच्या तसं परत म्हणणं याला इकोलेलिया म्हणतात. पूर्वी ते बंद पाडायचे, आता जाणकार ते संवादाची पायरी मानतात. आमच्या गल्लीत सकाळी कचरागाडी गाणं वाजवत येते. इंदूर २०१७पासून स्वच्छतेत वर्षानुवर्षं पहिलं येत राहिलं, त्यामुळे ते गाणं आमच्या मुलांच्या अंगाईइतकंच जुनं. लेक दुपारी मध्येच त्यातली एक ओळ म्हणायचा आणि आम्ही "झालं सुरू" म्हणून सोडून द्यायचो. एकदा लक्ष दिलं: तो ती ओळ केराचा डबा भरला की म्हणत होता. मग मी त्याच्या ओळीला उत्तर दिलं, "डबा भरला." आता तो दोन्ही म्हणतो, आधी गाणं, मग "डबा भरला".

शब्द पेटीबाहेर काढणं

हा सर्वांत रेंगाळणारा टप्पा आहे आणि बरेच जण इथेच सोडतात. बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४६च्या निबंधात एका मुलाची हकिकत लिहिली आहे. त्याची आई एक इंग्रजी बडबडगीत म्हणत असताना तिच्या हातातून पातेलं पडलं. त्यानंतर पातेल्यासारखं काहीही दिसलं की मुलगा त्या गाण्यातले "पीटर ईटर" हे शब्द म्हणायचा. शब्द एका प्रसंगाला घट्ट चिकटतो तो असा.

म्हणून पहिले तीन आठवडे गोष्ट अजिबात न बदलता सांगा, आणि तो पुढची वस्तू आधीच शोधायला लागला की बदल सुरू करा. एका वेळी एकच. "भिजले" घ्या. पोह्यांच्या जागी एक दिवस चुरमुरे. मग न्हाणीघरात "मोजे भिजले". मग पावसात गॅलरीत हात बाहेर काढून "हात भिजले". प्रत्येक ठिकाणी तोच शब्द, तीच चाल, आणि शब्द म्हणताना ओला स्पर्श हाताला लागलेला असला पाहिजे. एका शब्दाला निदान पाच वेगवेगळ्या जागा मिळाल्याखेरीज मी तो "आला" म्हणत नाही.

समज तपासायची तर प्रश्न न विचारता तपासता येते. डब्यातून लिंबू काढून ठेवा आणि ओळीपाशी येऊन थांबा. किंवा "लिंबू पिळलं" म्हणत तांब्या पुढे करा. माझा लेक पहिल्यांदा हसला तो अशा मुद्दाम केलेल्या चुकीवर. तांब्या ढकलून त्याने फ्रिजकडे बोट दाखवलं.

वहीत तारखेपुढे एवढंच लिहा: कुठल्या ओळीला बघितलं, कुठे हात पुढे केला, कुठे आवाज, कुठे शब्द. आमच्या वहीत पहिले पाच आठवडे, त्या खुळखुळ्याला चिकटलेल्या "तडतडली"खेरीज, एकही शब्द नाही. पण सोळाव्या दिवशी "जीरावनची पोटली स्वतः नाकाला लावली" अशी नोंद आहे, आणि खरी सुरुवात तिथे आहे.

घरात मराठी, बाहेर हिंदी

एका ठिकाणी आम्हाला सांगितलं गेलं, घरात मराठी बंद करा, एकच भाषा ठेवा, दोन भाषांत मूल गोंधळतं. आम्ही चार महिने मोडक्यातोडक्या हिंदीत लेकाशी बोललो. आजी बोलायचीच थांबली. तिला "भुरभुरलं"साठी हिंदी शब्द सापडेना. त्या चार महिन्यांचं मला अजून वाईट वाटतं, कारण दोन भाषांमुळे ऑटिस्टिक मुलाची भाषा मागे पडते असं संशोधनातून दिसत नाही. जी भाषा घरातल्या माणसांच्या तोंडी सहज येते, तीच भरभरून मिळते.

नियम एवढाच: एक पेटी, एक भाषा. पोह्यांची पेटी मराठीत. शाळेतल्या मॅडमना मात्र एक चिठ्ठी द्या: कोरडे म्हणजे सूखे, भिजले म्हणजे भीग गए, पिळलं म्हणजे निचोड़ा, मोहरी म्हणजे राई, संपले म्हणजे खतम. त्यामुळे तो वर्गात "संपले" म्हणून डबा मिटतो, तेव्हा त्यांना कळतं. तो "पोहा खतम" म्हणाला तर टाळी वाजवा, शुद्धीकरण नको.

दुसरी पेटी कधी

पहिल्या गोष्टीत तो निम्म्या ओळींना आपणहून काही करायला लागला की. पहिली पेटी माळ्यावर टाकू नका, आठवड्यातून दोनदा ती चालू ठेवा. आमची दुसरी पेटी कचरागाडीची आहे: गाणं वाजलं, दार उघडलं, डबा उचलला, जड लागला, ओला हिरव्यात, सुका निळ्यात, गाडी गेली. डब्यात खडे भरून "जड" केला आहे. केळ्याचं साल ओलं, वर्तमानपत्र सुकं. गाण्याचा आवाज त्याच्या बोटाखाली. खरा वासही पेटीत घालायचा की नाही, यावर मात्र घरात मतभेद आहेत. आजी म्हणते, खरी वस्तू हा नियम तूच केलास.